वापरलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतून धातू काढणारा कारखाना गावाशेजारी येतो आहे: पाण्याचे आणि हवेचे काय?

देवनदीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी सिन्नर तालुक्यात, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावात राहतो. आमच्या शिवेजवळच्या भूखंडावर वापरलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या फोडून त्यांतले कोबाल्ट, निकेल, मँगनीज, तांबे आणि लिथियम परत मिळवण्याचा कारखाना प्रस्तावित आहे. येत्या ग्रामसभेत तो विषय चर्चेला येणार आहे. प्रवर्तकांनी ग्रामपंचायतीला एक छोटे टिपण दिले आहे. त्यात पहिल्या टप्प्यात बॅटऱ्यांचा चुरा करून ‘ब्लॅक मास’ नावाची काळी भुकटी तयार करायची आणि दुसऱ्या टप्प्यात ती आम्लात विरघळवून धातू वेगळे करायचे, असे लिहिले आहे. प्रदूषण शून्य असेल, एवढे एकच वाक्य पर्यावरणाविषयी आहे.

गावात दोन तट पडले आहेत. तरुणांना रोजगार हवा आहे, आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवणे हे खाणी खणण्यापेक्षा बरे, असे त्यांचे म्हणणे आहे, जे मलाही पटते. ज्येष्ठ मंडळींना वसाहतीतल्या जुन्या अनुभवांमुळे आम्ल आणि जड धातू हे शब्द ऐकूनच धास्ती वाटते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला आहे. देवनदीवरचे जुने बंधारे आणि पाट दुरुस्त झाल्यापासून कुठे विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकू लागले आहे, आणि तेच पाणी कांद्याला, द्राक्षाला आणि गुरांना जाते. त्यामुळे ‘देशाच्या दृष्टीने चांगले’ एवढ्या उत्तरावर आम्हाला थांबता येणार नाही.

माझे प्रश्न असे: खाणीतून धातू काढण्याच्या तुलनेत हा मार्ग खरोखर किती स्वच्छ आहे? अशा कारखान्यातून पाण्यात आणि हवेत नेमके काय जाऊ शकते? आणि ग्रामसभेत ठराव करण्यापूर्वी आम्ही प्रवर्तकांकडे कोणती माहिती मागावी? या क्षेत्रात काम केलेल्यांनी सविस्तर लिहिले, तर ते मी ग्रामसभेत वाचून दाखवीन.

धातुशोधक यांचे उत्तर

मी धातू निष्कर्षणाच्या क्षेत्रात अनेक वर्षे काम केले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: योग्य रीतीने चालवलेला पुनर्प्रक्रिया कारखाना खाणीपेक्षा निश्चितच कमी नुकसान करतो. जगातला सत्तर टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. निकेलसाठी इंडोनेशियात जंगले तोडली जातात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात लिथियमसाठी जमिनीखालचे खारे पाणी उपसून उन्हात आटवले जाते. तेथून हे धातू शुद्धीकरणासाठी, प्रामुख्याने चीनमध्ये, हजारो किलोमीटर प्रवास करतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेवाडातील एका चालू कारखान्याच्या प्रत्यक्ष आकडेवारीवरून या दोन मार्गांची तुलना प्रसिद्ध केली. पुनर्प्रक्रियेत हरितगृह वायूंचे उत्सर्जन निम्म्याहून कमी, तर पाणी आणि ऊर्जा साधारण एक चतुर्थांश लागते, असे त्यांना आढळले.

मात्र हे आकडे जसेच्या तसे सिन्नरला लावू नयेत. त्या कारखान्याकडे येणाऱ्या मालाचा बराच मोठा भाग बॅटरी उत्पादकांच्या रद्द मालाचा होता. तो माल न वापरलेला, एकजिनसी आणि हाताळायला सोपा असतो. आपल्याकडे येणार आहेत त्या मोबाइल, लॅपटॉप, स्कूटर, तीनचाकी अशा सर्व प्रकारच्या, अर्धवट चार्ज असलेल्या, काही फुगलेल्या बॅटऱ्या. दुसरे म्हणजे वीज. आपल्या जाळ्यातल्या प्रत्येक युनिटमागे आजही सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण तिचा मोठा भाग कोळशावर तयार होतो. त्याच संशोधकांनीही, जेथे वीज कोळशाची तेथे हवामानाचा फायदा कमी होतो, हे नोंदवले आहे. म्हणून कारखान्याच्या छपरावर किंवा करारावर सौर वीज किती, हा प्रश्न गैरलागू समजू नये.

खाणीचे नुकसान काँगोत आणि अटाकामात टळते. पुनर्प्रक्रियेचा जो काही भार असेल तो मात्र ज्या गावात कारखाना आहे तेथेच पडतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांची एकमेकींत वजाबाकी करता येत नाही. ग्रामसभेने दुसऱ्या भाराविषयी बोलावे, पहिल्या लाभाचा आदर राखून.

आता तो भार कशाचा, ते सांगतो. धातू परत मिळवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात बॅटऱ्या सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात. कोबाल्ट, निकेल आणि तांबे मिश्रधातूच्या रूपात खाली बसतात, ग्राफाइट आणि प्लॅस्टिक जळून जाते, आणि लिथियम, ॲल्युमिनियम, मँगनीज धातुमळीत, म्हणजे वितळून उरणाऱ्या कचऱ्यात, अडकतात. या मार्गाला ऊर्जा फार लागते आणि धुराड्यावर फ्लोरीनयुक्त वायू धुऊन काढणारी यंत्रणा अत्यावश्यक असते. आपल्या टिपणावरून दिसते की तुमच्याकडे हा मार्ग नसून दुसरा, म्हणजे आम्लाचा मार्ग येणार आहे. त्यात ब्लॅक मास सौम्य गंधकाम्लात हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने विरघळवतात आणि मग द्रावणातून एकेक धातू विद्रावकांच्या साहाय्याने किंवा साका पाडून (विरघळलेला पदार्थ घन रूपात खाली बसवून) वेगळा करतात. लिथियम बहुधा सर्वांत शेवटी, सोडा ॲश घालून लिथियम कार्बोनेटच्या रूपात निघते.

लोकांना भीती वाटते ती कोबाल्ट आणि निकेलची. ती योग्यच आहे, पण हे धातू म्हणजे कारखान्याचा विकायचा माल आहे आणि ते गटारात सोडणे मालकालाही परवडत नाही. माझ्या मते गावाने अधिक लक्ष द्यावे अशा दोन गोष्टी आहेत आणि त्यांना बाजारात फारशी किंमत नाही: फ्लोराइड आणि सोडियम सल्फेट.

फ्लोराइड येते बॅटरीतल्या विद्युतद्रावणातून, म्हणजे सेलच्या आतल्या द्रवातून. त्यात लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट नावाचे मीठ असते आणि ओलाव्याशी संबंध आला की त्यापासून हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत दाहक वायू तयार होतो. अंदाज यावा म्हणून ढोबळ गणित मांडतो. एक टन सेलमध्ये विद्युतद्रावण सुमारे १२० किलो धरले आणि त्यात हे मीठ आठवा भाग धरले, तर मीठ झाले १५ किलो, आणि त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग फ्लोरीन असल्याने फ्लोरीन झाले ११ किलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक टन सेलमधले फ्लोरीन सगळे पाण्यात उतरले, तर १ कोटी १० लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोहोचेल. इलेक्ट्रोडवरची भुकटी चिकटवून ठेवणाऱ्या पॉलिमरमध्येही फ्लोरीन असते, ते या हिशेबात धरलेले नाही. चुना वापरून फ्लोराइडचा साका पाडता येतो, हे तंत्र जुने आणि भरवशाचे आहे. प्रश्न एवढाच की तो गाळ कोठे जाणार आणि वायू धुतलेले पाणी कोठे जाणार.

सोडियम सल्फेटचे प्रमाण याहून कितीतरी मोठे असते आणि त्याविषयी प्रवर्तक सहसा स्वतःहून बोलत नाहीत. धातू विरघळवायला गंधकाम्ल लागते आणि ते पुन्हा बाहेर काढायला कॉस्टिक सोडा आणि सोडा ॲश लागते. आम्लातले सल्फेट आणि सोड्यातले सोडियम मागे उरतात. निकेल, कोबाल्ट, मँगनीज यांचे हायड्रॉक्साइड आणि लिथियमचे कार्बोनेट असे सगळे साका पाडून काढले, तर रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्या तीन धातूंच्या दर किलोमागे सुमारे ३.६ किलो सोडियम सल्फेट निघते. एक टन ब्लॅक मासमध्ये हे तीन धातू मिळून ३०० किलो असतील, तर सोडियम सल्फेट भरले एक टनाहून अधिक. जेवढी भुकटी आत गेली तेवढेच मीठ बाहेर आले. विद्रावकाची पद्धत वापरली तरी ही जमाखर्चाची बाजू फारशी बदलत नाही, कारण विद्रावकालाही आधी कॉस्टिकने तयार करावे लागते.

हे मीठ विषारी नाही, पण ते पाण्यात गेले की तिथून निघत नाही. ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, चुना टाकून निकेल खाली बसवता येते, सोडियम सल्फेट बसवता येत नाही. त्यासाठी आरओ, मग अनेक टप्प्यांचे बाष्पीभवन यंत्र, मग स्फटिकीकरण असा मार्ग घ्यावा लागतो आणि त्यालाच ‘शून्य द्रव विसर्ग’ म्हणतात. तो शक्य आहे, अनेक ठिकाणी चालतो, पण त्याला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर लागतो. पाणी आटवायला टनामागे सहाशेहून अधिक युनिटांएवढी उष्णता लागते. एकाच वाफेचा पुनःपुन्हा वापर करून हा खर्च खाली आणता येतो, तरी तो शून्य होत नाही. पाण्याचा प्रश्न सोडवताना तो हवेत ढकलला जात नाही ना, हे पाहण्यासाठी बॉयलरचे इंधन विचारा. बाष्पीभवन यंत्राची क्षमता दिवसाला किती घनमीटर आहे आणि प्रक्रियेतून दिवसाला किती खारे पाणी निघणार आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिला दुसऱ्यापेक्षा लहान असेल, तर ‘शून्य’ या शब्दाला अर्थ नाही.

पॅक-दुरुस्ती यांचे उत्तर

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे. मी नाशिक शहरात ई-स्कूटर आणि मालवाहू तीनचाकींचे बॅटरी पॅक दुरुस्त करतो, त्यामुळे मी या साखळीच्या अगदी आरंभी उभा आहे आणि त्याच बाजूने लिहितो. कारखान्याला विरोध किंवा पाठिंबा देण्यापूर्वी, कारखाना नसताना या बॅटऱ्यांचे काय होते आहे, हेही ग्रामसभेपुढे यायला हवे असे मला मनापासून वाटते.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून हटवला, पण त्यामुळे भंगाराचा व्यवसाय थांबला नाही, तो पांगला. माझ्यासारख्यांकडे येणाऱ्या पॅकमधले चांगले सेल निवडून पुन्हा वापरले जातात. सौर दिव्यांसाठी, फवारणी पंपांसाठी, छोट्या इन्व्हर्टरसाठी त्यांचा उत्तम उपयोग होतो आणि पर्यावरणाच्या दृष्टीने धातू काढण्याआधी हाच सर्वांत योग्य मार्ग आहे. उरलेले सेल किलोवर विकले जातात आणि पुढे त्यांचे काय होते हे बहुतेकांना पाहायचे नसते.

मी एका ठिकाणी पाहिले ते सांगतो. प्लॅस्टिकच्या मोठ्या पिंपात मिठाचे पाणी भरून त्यात सेल टाकले होते, म्हणजे त्यांतली उरलेली वीज निघून जावी. थोड्याच वेळात टोकांशी बुडबुडे सुरू झाले, पाणी आधी पिवळसर आणि मग गंजासारखे तांबूस झाले, आणि काही सेलचे झाकण सडून आतला द्रव पाण्यात मिसळू लागला. त्याला गोडसर, नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येतो. ज्यांनी हे काम केले आहे ते हा वास विसरत नाहीत. नंतर सेल कापून आतली गुंडाळी उलगडतात. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट असते आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ती मौल्यवान काळी भुकटी असते. काम करणाऱ्या मुलांच्या हाताला हातमोजे नव्हते आणि नखांच्या कडांत ती भुकटी बसलेली होती. संध्याकाळी पिंप आडवे केले गेले आणि ते पाणी शेजारच्या नाल्यात गेले. तो नाला कोणत्या नदीला मिळतो, हे नाशिककरांना सांगण्याची गरज नाही. ज्या फ्लोराइडचा हिशेब वर मांडला आहे, ते या पद्धतीत कोणत्याही चुन्याला न भेटता थेट पाण्यात जाते.

केंद्र सरकारचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. उत्पादकाने बाजारात आणलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे पोहोचवण्याची जबाबदारी त्यांनुसार उत्पादकावरच आहे. नियम चांगला आहे, परंतु जवळ अधिकृत कारखाना नसेल तर जुना पॅक दूरवर पाठवण्याचा खर्च कोणी उचलत नाही आणि माल पुन्हा पिंपाकडे जातो. म्हणून नाशिक जिल्ह्यात एक नीट चालणारा कारखाना असावा, अशी माझी तळमळ आहे. फक्त तो नीट चालणारा असावा.

एक गोष्ट मात्र प्रवर्तकांना अवश्य विचारा: लोह-फॉस्फेट प्रकारच्या, म्हणजे एलएफपी बॅटऱ्या ते घेणार आहेत का? माझ्याकडे येणाऱ्या तीनचाकींच्या पॅकमध्ये आता हाच प्रकार अधिक असतो. त्यात निकेलही नाही आणि कोबाल्टही नाही. किंमत काय ती लिथियमची आणि तांब्याची. त्यामुळे काही जण त्या स्वीकारतात, तांबे-ॲल्युमिनियम काढून घेतात आणि लोह-फॉस्फेटची भुकटी आवारात साठवत राहतात. ती पावसाळ्यात कोठे वाहत जाईल, हे तुमच्या गावाच्या उतारावर अवलंबून आहे.

मणी-द्राक्ष यांचे उत्तर

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतो आणि कृषी पदवीधर आहे. सोडियम सल्फेट विषारी नाही हे धातुशोधक यांचे म्हणणे माणसाच्या बाबतीत ठीक आहे, पण जमिनीच्या बाबतीत ते अपुरे आहे, म्हणून थोडी भर घालतो.

आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि तिच्या कणांना कॅल्शियम एकत्र धरून ठेवते. सिंचनाच्या पाण्यातून सोडियम येत राहिला की तो कॅल्शियमची जागा घेतो, मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीवर पाणी दिले तर ते मुरत नाही, वर साचून राहते, आणि वाळल्यावर वरचा थर कडक होतो. मुळांना हवा मिळत नाही. द्राक्षाच्या पानांच्या कडा करपू लागतात, आणि अनेक बागायतदार आधी खताला किंवा औषधाला दोष देतात. नाशिक भागात डॉगरिज खुंटावर कलमे करण्याची पद्धत रुळली, ती पाण्याचा ताण आणि क्षार काही प्रमाणात सहन व्हावेत म्हणूनच, परंतु खुंटाच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. जिप्सम घालून चोपण जमीन सुधारता येते, पण त्यासाठी निचरा चांगला लागतो आणि क्षार धुऊन काढायला भरपूर गोडे पाणी लागते. तेच सिन्नरला नाही.

म्हणून प्रक्रिया केलेले पाणी ‘बागेला वापरू’ किंवा ‘हरित पट्ट्याला देऊ’ असे प्रवर्तक म्हणाले, तर त्यावर समाधान मानू नये. त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण), सोडियम आणि सोडियम अधिशोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) हे तिन्ही आकडे मागावेत. टीडीएस एकटा पुरेसा नाही, कारण कॅल्शियमचे क्षार आणि सोडियमचे क्षार टीडीएसमध्ये सारखेच मोजले जातात, जमिनीवर त्यांचा परिणाम मात्र अगदी उलट होतो.

देवनदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी टिपण पुन्हा वाचले. सोडियम सल्फेटचा उल्लेख त्यात ‘विक्रीयोग्य उपउत्पादन’ असा एका ओळीत आहे. बाष्पीभवन यंत्राच्या क्षमतेचा आकडा नाही. एलएफपीविषयी काहीच नाही.

एक उपप्रश्न आहे. काल प्रवर्तकांच्या प्रतिनिधींनी सांगितले की आता फक्त पहिल्या टप्प्याला, म्हणजे चुरा करण्याला, अनुमती द्या. त्यात पाणीच वापरले जात नाही, त्यामुळे प्रदूषणाचा प्रश्नच नाही. आम्लाचा टप्पा पुढे पाहू. हे म्हणणे कितपत योग्य आहे?

संमती-सल्लागार यांचे उत्तर

कारखान्यांना पर्यावरणविषयक संमती मिळवून देण्याचे आणि नंतर त्या अटींची तपासणी करण्याचे काम मी करतो. आपल्या उपप्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. पाणी न वापरणारा टप्पा म्हणजे प्रदूषण नसलेला टप्पा नव्हे. त्या टप्प्यातला धोका हवेचा आणि आगीचा आहे.

चुरा करताना निर्माण होणारी धूळ अतिशय बारीक असते आणि तिच्यात निकेल व कोबाल्टची संयुगे असतात. निकेलची संयुगे माणसात कर्करोग घडवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण सांगते. आपल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत निकेलची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला २० नॅनोग्रॅम आहे, यावरून ती धूळ किती काळजीपूर्वक अडवावी लागते ते कळेल. चुरा करणारे यंत्र बंदिस्त आहे का, आत नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरला जातो का, बाहेर पडणारी हवा पिशवी-गाळणी आणि अल्कली स्क्रबर (अल्कली द्रावणाने वायू धुणारी यंत्रणा) अशा दोन्हींतून जाते का, आणि विद्युतद्रावणातील विद्रावकांची वाफ थंड करून पकडली जाते की तशीच सोडली जाते, हे विचारावे. स्क्रबर म्हटला की पाणी आलेच. त्यामुळे ‘पाणी वापरत नाही’ हे विधान स्क्रबर असेल तर चुकीचे आहे आणि स्क्रबर नसेल तर अधिकच चिंतेचे आहे.

आगीविषयी कोणीही गाफील राहू नये. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात फ्रेडरिकटाउन येथील बॅटरी पुनर्प्रक्रिया कारखान्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये आग लागली, तेव्हा परिसरातील रहिवाशांना घरे सोडावी लागली. फुटलेल्या किंवा दबलेल्या एका सेलपासून शेजारचे सेल पेट घेतात आणि ही आग विझल्यासारखी दिसून पुन्हा भडकते. तिच्यावर मारलेले पाणी फ्लोराइड आणि धातू घेऊन वाहते. म्हणून साठवणुकीच्या शेडभोवती बांध आणि आगीचे पाणी अडवून ठेवणारी, आतून अस्तर केलेली टाकी असल्याशिवाय पहिला टप्पासुद्धा सुरू होऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आवारात एका वेळी जास्तीत जास्त किती टन बॅटऱ्या असतील, ही मर्यादा संमतीपत्रात आकड्यानिशी लिहून घ्यावी. ती नसेल तर प्रक्रिया बंद पडली तरी माल येत राहतो आणि ढीग वाढत जातो.

टप्पे वेगळे करण्याविषयी आणखी एक सांगतो. अनेक उद्योग ब्लॅक मासवर थांबतात आणि ती भुकटी दुसऱ्या कारखान्याला विकतात. त्यात गैर काही नाही. आम्लाचा आणि क्षाराचा भार मग तुमच्या गावाऐवजी दुसरीकडे जातो. पण दुसरा टप्पा याच भूखंडावर होणार असेल, तर भूखंडाचा आराखडा, ईटीपीची जागा आणि पाण्याची मागणी आजच एकत्रित तपासली गेली पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उभारणीची संमती आणि चालवण्याची संमती या दोन्ही स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात. पुढे उत्पादनात किंवा प्रक्रियेत मोठा बदल झाला तर पुन्हा अर्ज करावा लागतो. अर्जासोबत दिलेला प्रकल्प अहवाल मागून घ्या. प्रवर्तकांनी दिला नाही तर माहिती अधिकारात मागा. त्यात कच्च्या मालाचा आणि निघणाऱ्या प्रत्येक पदार्थाचा वजनाचा ताळेबंद असतो. धातुशोधक यांनी मांडलेला टनाला टन हिशेब त्या ताळेबंदाशी लावून पाहा. सोडियम सल्फेट तेथे फार कमी दाखवले असेल, तर उरलेले कोठे गेले हे लेखी विचारा. ते ‘विक्रीयोग्य’ असेल तर खरेदीदाराचे पत्र आणि त्यात निकेल व लिथियमचे अंश किती चालतील ही मर्यादा, दोन्ही मागा. डिटर्जंट किंवा काच उद्योग अशुद्ध मीठ घेत नाही. विकले न गेलेले मीठ घातक कचऱ्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात पाठवावे लागते आणि तो खर्च टाळण्यासाठीच ते आवारात उघड्यावर साठवण्याचा मोह होतो.

लिथियमविषयीही एक मुद्दा आहे, कारण पर्यावरणाचा लाभ सांगताना त्याचेच नाव पुढे केले जाते. आपल्या २०२२ च्या नियमांत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी कोरड्या वजनाच्या ७० टक्क्यांपासून सुरुवात करून २०२६-२७ पासून ९० टक्के पदार्थ परत मिळवण्याचे लक्ष्य आहे. पण ते एकूण वजनावर आहे. सेलच्या वजनात लिथियम अवघे काही टक्के असते, त्यामुळे कवच, तांबे, ॲल्युमिनियम, निकेल यांवरच पुष्कळ मजल मारता येते आणि लिथियम सांडपाण्यात गेले तरी टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात लिथियमसाठी वेगळे लक्ष्य आहे, २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के. आपला नियम तसे सांगत नसला, तरी प्रवर्तकांनी स्वतःहून लिथियम पुनर्प्राप्तीचा आकडा लिहून द्यावा, अशी मागणी ग्रामसभा करू शकते. जे लिथियम मालात आले नाही ते पाण्यात किंवा गाळात आहे, एवढा त्याचा सरळ अर्थ आहे.

आणि शेवटची गोष्ट तातडीची आहे. कारखान्याचे बांधकाम सुरू होण्यापूर्वी विहिरींच्या पाण्याची तपासणी करून ठेवा. आपला खडक बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या थरातून आणि फटींतून वाहते, त्यामुळे उताराच्या बाजूच्या दोन-तीन विहिरी आणि तुलनेसाठी वरच्या बाजूची एक अशी निवड पुरेशी होईल. एकदा मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, आणि एकदा पावसाळ्यानंतर नमुने घ्यावेत. नेहमीच्या तपासणीत टीडीएस, सल्फेट आणि फ्लोराइड असतात. सोडियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज आणि लिथियम यांची मागणी वेगळी लिहून द्यावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत आधी चौकशी करा. जे घटक तेथे होत नसतील त्यांसाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा गाठावी लागेल. फ्लोराइडचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यावा, काचेच्या नव्हे. धातूंसाठी स्वतंत्र बाटली घेऊन त्यात प्रयोगशाळेने दिलेले नत्राम्ल घालावे, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. बाटलीवर विहिरीचा गट क्रमांक, दिनांक आणि पाण्याची खोली लिहून ग्रामसेवक व दोन ग्रामस्थांच्या सह्या घ्याव्यात आणि अहवालाची प्रत ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून ठेवावी.